कातडीलगतचे हाड

अंधारात खाटेच्या पायावर किंवा उंबऱ्याच्या कडेवर नडगी आपटली की कोणीही माणूस आधी गप्प होतो, मग वाकून दोन्ही तळहातांनी पाय दाबून धरतो आणि कळ ओसरेपर्यंत तसाच उभा राहतो. तेवढाच मार मांडीला बसला असता तर तो चार पावलांत विसरला गेला असता, कारण मांडीचे हाड स्नायूंच्या जाड थरात खोल असते. नडगीच्या हाडाचा, ज्याला वैद्यकात टिबिया म्हणतात, समोरचा आणि आतल्या अंगाचा सपाट भाग मात्र गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत केवळ कातडीने झाकलेला असतो. हाडाभोवती जे पातळ आवरण असते त्यात संवेदनेच्या तंतूंचे दाट जाळे असते, आणि नडगीवर ते बाहेरच्या जगापासून जेमतेम काही मिलिमीटर आत असते. हात फिरवला तर या हाडाची पुढची कड गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत बोटांना सलग कळते.

आश्चर्य असे, की इतक्या उघड्यावर असलेल्या या हाडावरच उभ्या माणसाचा बहुतेक सारा भार पडतो. बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, फिब्युला, घोट्याला आधार देते आणि स्नायूंना धरण्याची जागा पुरवते, परंतु वजनाचा त्यातला वाटा थोडा असतो. हाडाला रक्त दोन वाटांनी मिळते: एक रक्तवाहिनी मागच्या बाजूने हाडाच्या वरच्या भागात शिरून पोकळीतून खाली उतरते, आणि दुसरा पुरवठा भोवतालच्या मांसातून आवरणामार्गे येतो. पोटरीचा मांसल भाग गुडघ्याकडे असतो. घोट्याकडे येता येता मांस संपते आणि केवळ स्नायुबंध उरतात, म्हणून नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागातला अस्थिभंग जुळायला सर्वांत अधिक वेळ घेतो. हाड हाडाच्या बळावर जुळते असे बाहेरून वाटते, परंतु प्रत्यक्षात ते भोवतालच्या मांसाच्या आणि रक्ताच्या आधारानेच जुळते, आणि नडगीला हा आधार निसर्गतःच तोकडा मिळाला आहे.

नागपूरच्या पश्चिमेला, काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि नागपूर–इटारसी लोहमार्गावर वसलेले कळमेश्वर हे तालुक्याचे गाव या हाडाचा विचार करायला योग्य ठिकाण आहे, कारण पायावर उभे राहून करायची जितकी कामे ग्रामीण महाराष्ट्रात आढळतात ती जवळजवळ सगळी येथे दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात एकत्र आली आहेत. काळ्या जमिनीत कापूस, तूर आणि सोयाबीन, विहिरींच्या आधाराने उभ्या राहिलेल्या संत्र्याच्या बागा, गावालगतची औद्योगिक वसाहत आणि तिच्यामुळे रस्त्यावर दिवसरात्र धावणारी जड वाहने, अशी ही वस्ती आहे. तोड्याच्या दिवसांत मजूर शिड्यांवर चढून फळ उतरवतात आणि भरलेली कॅरेट मातीच्या ओबडधोबड बांधांवरून गाडीपर्यंत वाहून नेतात. रोटाव्हेटरची पाती फिरत असतात. कारखान्यात लोखंडी पत्र्याच्या धारेशी रोजचा संबंध येतो. आणि संध्याकाळनंतर बागांतून निघालेला रोह्यांचा कळप किंवा रानडुक्कर एकाएकी रस्ता ओलांडते तेव्हा दुचाकीस्वाराच्या शरीराचा जो भाग सर्वांत आधी सापडतो तो बहुधा गुडघा आणि घोटा यांच्या मधला असतो, कारण दुचाकीवर बसलेल्या माणसाची नडगी कोणत्याही आडोशाशिवाय पुढे आलेली असते. लांब हाडांच्या अस्थिभंगांत नडगीचा अस्थिभंग सर्वाधिक आढळतो आणि हाड कातडी फाडून बाहेर येण्याचे प्रमाणही याच हाडात अधिक असते, यामागे हीच शरीररचना आणि हेच जगणे आहे.

मोडलेले हाड बांधण्याची विद्या या भूमीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचे, म्हणजे हाडांच्या इजेचे, दोन मोठे वर्ग सांगितले आहेत: सांधा निखळणे आणि हाडाचे कांड मोडणे. पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा प्रकार मानले असून त्यांत कर्कटक, अश्वकर्ण, चूर्णित, वक्र अशी नावे येतात, आणि प्रत्येक नाव मोडलेल्या हाडाचा आकार डोळ्यांपुढे उभा करते. चिकित्सास्थानात उपचाराचे क्रम दिले आहेत: हाड ताणणे, दाबून जागेवर आणणे, टोके जुळवणे आणि बांधणे. बांधण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या सुचवल्या आहेत, आणि ही यादी वाचताना विदर्भातल्या वाचकाला परकेपणा वाटत नाही, कारण यांतली बहुतेक झाडे कळमेश्वरच्या शिवारात आजही उभी आहेत. पायाच्या अस्थिभंगासाठी कपाटशयन नावाची योजना आहे, म्हणजे रुग्णाला फळीवर निजवून पाय हलू नये म्हणून फळीत पाच खुंट्या ठोकायच्या. बंध थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा, असे ऋतुमानही त्यात आहे. तरुण वयात हाड एका महिन्यात स्थिर होते, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, हा हिशेब आजच्या मोजमापाशी तंतोतंत जुळत नसला, तरी वयाबरोबर काळ वाढतो हे निरीक्षण अचूक आहे.

याच प्रकरणातला एक इशारा मात्र विशेष मोलाचा आहे. बंध सैल असेल तर हाड स्थिर राहत नाही, आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना आणि पू होतो, म्हणून तो मध्यम असावा, असे तेथे सांगितले आहे. संत्र्याच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या माणसाला हा नियम वेगळा शिकवावा लागणार नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरताना सालीत छेद घेऊन डोळा आत बसवतात आणि त्यावर पट्टी गुंडाळतात. पट्टी ढिली राहिली तर डोळा सुकतो, जास्त आवळली तर रस अडून खुंटच कुजतो, आणि योग्य वेळी पट्टी सोडली नाही तर ती वाढत्या सालीत रुतते. दोन्हीकडे जखमेच्या कडांतून नवा पेशीसमूह फुटून दोन भागांना जोडतो, आणि दोन्हीकडे बांधणाऱ्याचे काम एवढेच असते, की ही वाढ होईपर्यंत भाग हलू द्यायचे नाहीत आणि त्यांचा पुरवठाही तोडायचा नाही.

हा समतोल चुकला तर काय होते, हे खेड्यापाड्यांतल्या हाडवैद्यांच्या परंपरेत दोन्ही बाजूंनी दिसते. बोटांच्या स्पर्शाने हाडाची टोके ओळखणारे, तेल आणि कामट्यांनी बांधून शेकडो साधे अस्थिभंग जुळवणारे हात या परंपरेत होऊन गेले आहेत, आणि जेथे डॉक्टर नव्हता तेथे लोकांचे पाय त्यांनीच टिकवले, ही गोष्ट नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु नडगीच्या बाबतीत कातडीच्या आत एक धोका दडलेला असतो, जो स्पर्शाला उशिरा कळतो. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याभोवतीचे पडदे अतिशय चिवट असतात, ते ताणले जात नाहीत. हाड मोडल्यावर रक्तस्राव आणि सूज यांमुळे कप्प्यातला दाब वाढत जातो, दाब एका मर्यादेपलीकडे गेला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि काही तासांत स्नायू व मज्जातंतू मरू लागतात. यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी बाहेरून आणखी आवळलेल्या कामट्या किंवा ओल्या सुजेवर चढवलेले बंद प्लास्टर हा दाब आणखी वाढवते. इजेच्या मानाने फार मोठी, वाढत जाणारी वेदना आणि पायाची बोटे दुसऱ्याने हळूच वर-खाली हलवली तरी पोटरीत उठणारी असह्य कळ ही त्याची पहिली खूण असते. बोटे बधिर होणे आणि गार पडणे या खुणा उशिराच्या असतात, आणि त्यांची वाट पाहिली तर पाय हातचा जातो. उपाय एकच असतो: बंध तत्काळ सोडणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रियेने चारही कप्पे उघडून देणे. रुग्ण विव्हळतो म्हणून त्याला नाजूक ठरवून गप्प बसवण्याची घरोघरीची सवय येथे फार महाग पडते, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे.

हाड कातडी फाडून बाहेर आले की प्रश्नच बदलतो. अठराव्या शतकातल्या युरोपात अशा पायाला बहुधा एकच उत्तर होते, पाय कापणे. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट १७५६ मध्ये घोड्यावरून पडले आणि त्यांच्या पायाचे हाड कातडीबाहेर आले. थंड रस्त्यावर पडलेल्या पॉट यांनी कोणालाही स्वतःला उचलू दिले नाही, एक दार विकत आणवले, त्याला दांडे ठोकवले आणि त्यावर निजून घरी गेले. पाय कापण्याची तयारी झालेली असताना त्यांचे गुरू एडवर्ड नर्स आले आणि पाय वाचवता येईल असे म्हणाले, आणि पाय वाचला. जखमी पाय हलवू नये हा धडा पुढे त्यांच्या अस्थिभंगावरील लेखनात आला. या घटनेत औषध कोणतेही नाही. आहे ते केवळ पाय स्थिर ठेवण्याचे भान आणि घाई न करणारा एक वडीलधारा माणूस.

शंभर वर्षांनी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगोच्या रुग्णालयात ११ वर्षांचा एक मुलगा आणला गेला, ज्याच्या डाव्या पायावरून रिकाम्या गाडीचे चाक गेले होते आणि मोडलेल्या नडगीवर सुमारे दीड इंचाची जखम होती. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी ठेवली, आणि त्या काळी अपेक्षित असलेला पू झाला नाही. सहा आठवड्यांत हाड जुळले. १८६७ मध्ये लिस्टर यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. जगातल्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहातील स्वच्छतेचा इतिहास गाडीच्या चाकाखाली आलेल्या एका मुलाच्या नडगीपर्यंत मागे जातो, ही गोष्ट बैलगाडीच्या प्रदेशात तरी अधिक सांगितली जायला हवी होती.

शेतात झालेल्या जखमेला आजही शास्त्र वेगळे मानते. रॅमोन गुस्टिलो आणि जॉन अँडरसन यांनी १९७६ मध्ये उघड्या अस्थिभंगांची जी प्रतवारी मांडली, तिच्यात जखमेची लांबी आणि मांसाची हानी यांवरून तीन वर्ग ठरतात. परंतु शेतात झालेली जखम कितीही लहान दिसली तरी ती थेट तिसऱ्या, सर्वांत गंभीर वर्गात धरली जाते. कारण माती आणि शेण यांत धनुर्वाताचे आणि मांस सडवणारे जंतू असतात, आणि बोटभर जखमेतूनही ते हाडाच्या पोकळीपर्यंत पोचतात. कोइम्बतूरच्या गंगा रुग्णालयात एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली गुणपद्धती तर खास नडगीच्या उघड्या अस्थिभंगासाठीच आहे: कातडी, हाड आणि स्नायू यांच्या हानीला स्वतंत्र गुण द्यायचे, शेतातला मळ, मधुमेह, उतारवय अशा गोष्टींचे प्रत्येकी दोन गुण मिळवायचे, आणि बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवण्याचा प्रयत्न करायचा, १७ किंवा अधिक असेल तर न वाचवण्याचा विचार करायचा. मधल्या आकड्यांवर निर्णय अनुभवी शल्यचिकित्सकाने त्या रुग्णाकडे पाहून घ्यायचा. ही मधली जागा मोकळी सोडणे हे या पद्धतीचे सर्वांत शहाणे अंग आहे, कारण पाय म्हणजे काय, हे रुग्णाच्या कामावरही ठरते.

कळमेश्वरहून अशी इजा झालेल्या माणसाला प्रथम ग्रामीण रुग्णालयात आणि मग बहुधा नागपूरला, लोकांच्या बोलण्यात ज्याला नुसते ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ म्हणतात त्या शासकीय रुग्णालयांत नेले जाते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हा प्रवास करून देते. या वाटेवर घडणाऱ्या साध्या गोष्टी पुढच्या सहा महिन्यांचे भवितव्य ठरवतात: जखमेवर हळद, चुना किंवा माती न भरता स्वच्छ कापड ठेवणे, बाहेर दिसणारे हाड आत न ढकलणे, पाय पुठ्ठ्याच्या किंवा फळीच्या आधाराने आहे तसा स्थिर ठेवणे, आणि रुग्णालयात पोचताच प्रतिजैविक औषध व धनुर्वाताची लस शक्य तितक्या लवकर मिळणे. मग जखम उघडून मृत मांस काढले जाते, आणि हाड झाकण्यापुरते मांस उरलेले नसेल तर पोटरीचा स्नायू वळवून त्यावर आणला जातो, किंवा घोट्याकडच्या भागासाठी शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तवाहिन्यांसह मांस आणून बसवावे लागते. हाड बसवणारा आणि मांस झाकणारा असे दोन वेगळे शल्यचिकित्सक एका पायासाठी एकत्र यावे लागतात.

बंद अस्थिभंगाचा उपचार गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ बदलला. पूर्वी मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर चढवून रुग्णाला महिनोन्महिने खाटेवर ठेवत. हाड जुळे, पण गुडघा आणि घोटा आखडून जात. ऑगस्टो सार्मिएन्तो यांनी १९६७ मध्ये दाखवले, की गुडघ्याखाली नेमके बसणारे प्लास्टर घालून रुग्णाला लवकर चालवले तर हाड बिघडत नाही, उलट चांगले जुळते. मर्यादित, नियंत्रित भार हाडाला घातक नसून आवश्यक असतो, हा विचार त्यातून रुजला. आज प्रौढांत बहुधा हाडाच्या पोकळीत धातूचा लांब दांडा घालून तो दोन्ही टोकांना स्क्रूने अडकवतात. खेड्यात याला ‘रॉड टाकला’ म्हणतात आणि रॉड टाकलेला पाय ही आता प्रत्येक गावात ओळखीची गोष्ट झाली आहे. हाड जुळतच नसेल किंवा आखूड झाले असेल तर रशियाच्या कुर्गान शहरातील गावरील इलिझारोव्ह यांनी विकसित केलेली कड्यांची चौकट पायाभोवती बसवतात आणि हाडाचे भाग दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने दूर नेत मधली जागा नव्या हाडाने भरून काढतात. टोकियो ऑलिम्पिकचा उंच उडीतला सुवर्णपदक विजेता व्हालेरी ब्रुमेल याची १९६५ च्या मोटारसायकल अपघातात मोडलेली नडगी अनेक शस्त्रक्रियांनंतरही जुळली नव्हती, ती अखेर कुर्गानमध्येच जुळली.

रॉडमुळे माणूस काही दिवसांत कुबड्यांवर उभा राहतो, हे खरेच मोठे वरदान आहे. परंतु हा दांडा गुडघ्याच्या वाटीखालून आत जातो, आणि त्यानंतरची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, विशेषतः गुडघे टेकताना आणि वाकवताना, होणारी वेदना. खुर्चीवर बसणाऱ्या समाजात ही तक्रार किरकोळ ठरते. कळमेश्वरच्या शिवारात ती किरकोळ नसते. निंदण उकिडवे बसून होते, जेवण मांडी घालून होते, पुष्कळ घरांत शौचालय भारतीय पद्धतीचेच असते, आणि पूजेला, पंगतीला, अंत्यविधीला जमिनीवर बसणे हा समाजात असण्याचाच भाग असतो. पाय चालतो, हाड जुळले आहे, क्ष-किरण चित्र निर्दोष आहे, आणि तरीही माणूस पंगतीत प्लास्टिकच्या खुर्चीवर वेगळा बसतो, ही स्थिती कोणत्याही अहवालात बरे न होण्याच्या सदरात येत नाही.

सगळ्यांत कठीण असतो तो काळ. प्रौढ माणसाची साधी मोडलेली नडगी जुळायला साधारण सोळा ते वीस आठवडे लागतात, उघडा अस्थिभंग असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. बिडी ओढणाऱ्यात हा काळ निश्चितपणे लांबतो, कारण निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि नागपूर भागात घराघरांत पोचलेला तंबाखू-सुपारीचा खर्राही निकोटीनच देतो, म्हणून डॉक्टर दोन्ही सोडायला सांगतात. परंतु संत्र्याचे झाड वीस आठवडे थांबत नाही. मृगाच्या पावसात फुलणाऱ्या बहाराचे फळ फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उतरते, आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याचे फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येते. बहार धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण देणे आणि नेमक्या वेळी तो तोडणे, फवारणी, आळी, खत हे सारे ठरल्या दिवसांतच व्हावे लागते. जूनमध्ये पाय मोडलेल्या बागायतदाराचा एक बहार डोळ्यांपुढून जातो. कृषिपंपांना वीज आळीपाळीने मिळते आणि काही आठवडे ती रात्रीचीच असते. घरधनी खाटेवर असताना बागेत पाणी फिरवायला मध्यरात्री बॅटरी घेऊन घरातली बाई जाते, सकाळी तीच स्वयंपाक करते, रुग्णाला उठवते-बसवते आणि दिवसा मजुरीलाही जाते. एका माणसाचे हाड जुळण्यासाठी दुसऱ्या माणसाचे शरीर झिजते, आणि उपचाराच्या खर्चाचा हिशेब मांडताना ही झीज कोणी धरत नाही.

गावालगतच्या कारखान्यातला विमाधारक कामगार या बाबतीत काहीसा सुरक्षित असतो. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत कामावर झालेल्या इजेमुळे तात्पुरते अपंगत्व आले तर ते असेपर्यंत त्याला वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर कामावर जाता-येताना झालेला अपघातही त्यात येऊ शकतो. बांधापलीकडच्या शेतकऱ्यासाठी महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. ती मृत्यूसाठी आणि डोळा किंवा अवयव कायमचा गमावल्यास मदत देते. शासकीय रुग्णालयात आणि जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळदा भागतो. परंतु जो पाय गेला नाही, जो वाचला आणि जुळण्यासाठी सहा महिने मागतो आहे, त्या सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीसाठी तोड्यावर जाणाऱ्या मजुराला कोठेच रकाना सापडत नाही. म्हणून तो दहाव्या आठवड्यात कुबडी बांधाला टेकवून कामावर उभा राहतो, आणि अर्धवट जुळलेले हाड पुन्हा वाकते किंवा स्क्रू तुटतो. डॉक्टर त्याला बेफिकीर म्हणतात, आणि ते अर्धेच खरे असते.

इजेचा एक प्रकार मात्र अपघाताशिवायच येतो. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की कळमेश्वर, मोहपा आणि आसपासच्या गावांतील मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर धावू लागतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर ठरलेल्या वेळात पार करायचे असतात, अंगात वेग असतो आणि पायात बहुधा जुने, तळ झिजलेले बूट असतात. दोन-तीन आठवड्यांत नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखू लागते. कठीण रस्त्यावर अचानक वाढवलेल्या धावण्यामुळे हाड आणि त्याचे आवरण यांवर पडणाऱ्या ताणाची ही वेदना असते, इंग्रजीतून आलेल्या नावाने तिला शिन स्प्लिंट म्हणतात. विश्रांती, मातीचा ट्रॅक आणि हळूहळू वाढवलेले अंतर यांनी ती बहुधा शमते. परंतु वेदना एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी एकवटली, रात्रीही राहू लागली, तर ती हाडातली बारीक भेग असू शकते, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही, म्हणून चित्र स्वच्छ आले एवढ्यावर पुन्हा धावायला निघणे धोक्याचे असते. भरतीची तारीख पुढे ढकलली जात नाही, आणि वयोमर्यादा जवळ आलेल्या मुलाला विश्रांतीचा सल्ला पटवणे हे फिजिओथेरपीतले सर्वांत अवघड काम असावे.

शेजारच्या सावनेर तालुक्यातील खापरखेडा–वलनी परिसरातून, कोळसा खाणीच्या वसाहतीतून, असाच एक मुलगा सैन्यात आणि पोलिसांत भरती होण्याचा प्रयत्न करून मग वेगवान गोलंदाज झाला. उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला आणि विदर्भाकडून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू ठरला. २८ डिसेंबर २०२० रोजी मेलबर्नच्या मैदानावर आपले चौथे षटक टाकताना पोटरीत कळ येऊन तो लंगडत बाहेर गेला आणि ऑस्ट्रेलियाच्या त्या दौऱ्यातले पुढचे सामने त्याला खेळता आले नाहीत. पोटरी ही नडगीच्या मागची बाजू. वेगवान गोलंदाज ज्या पायावर झेपावतो आणि ज्यावर आदळतो, त्या दोन्हींचा हिशेब तिलाच द्यावा लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर तो कसोटीत परतला आणि दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले. त्याच्या मागे फिजिओथेरपिस्ट होते, स्कॅन होते, मंडळाचा करार होता आणि वाट पाहण्याची मुभा होती. पहाटे काटोल रस्त्यावर धावणाऱ्यांच्या पोटऱ्याही त्याच मांसाच्या असतात, मुभा मात्र तेवढी नसते.

बरे होण्याचे माप कोणते, याबद्दल डॉक्टर आणि रुग्ण यांचे मत अनेकदा वेगळे असते. डॉक्टर क्ष-किरण चित्रात चारपैकी तीन कडांवर हाड भरून आलेले पाहतात. फिजिओथेरपिस्ट घोटा किती वर उचलला जातो, एका पायावर टाच किती वेळा उचलता येते, हे मोजतो, कारण महिनोन्महिने न वापरलेली पोटरी बारीक झालेली असते आणि तिचे बळ हाडापेक्षा हळू परतते. माणूस स्वतः मात्र वेगळी मापे लावतो: विहिरीच्या पायऱ्या उतरता येतात का, शिडीच्या चौथ्या कांडावर पाय ठरतो का, ओल्या चिखलातून पाय ओढून काढता येतो का. चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाचे देऊळ असलेले धापेवाडा याच तालुक्यात आहे, आणि पाय बरा झाला की धापेवाड्याला पायदळ जाईन असा नवस बोलला जातो. तो फेडला गेला, की घरच्यांच्या लेखी पाय खरोखर बरा होतो, मग शेवटच्या तपासणीची तारीख अजून पुढे असली तरी चालते. पहिली आषाढी चुकली तर दुसरीची वाट पाहतात.

आणि रॉडचा प्रश्न उरतोच. हाड पूर्ण जुळल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी, तो काढता येतो. त्रास नसेल तर तसाच राहिला तरी बहुधा बिघडत नाही. थंडीत खालचा स्क्रू कातडीखाली टोचतो, गुडघा कुरकुरतो, डॉक्टर म्हणतात काढून टाकू, दोन-तीन दिवसांचे काम आहे, नंतर काही आठवडे जड उचलायचे नाही. हे काही आठवडे कोणते, यावर घरात चर्चा सुरू होते. आंबिया उतरल्यावर बघू, असे ठरते. मग मृगाचे पाणी द्यायचे असते, मग मुलीचे लग्न निघते, मग एखाद्या वर्षी गारपीट होते आणि पैसा हातात राहत नाही. शिवारात असे कित्येक पाय आज काम करीत आहेत, ज्यांच्यातला रॉड काढायची तारीख अजून ठरायची आहे.